निकाल ठरलेला नाही, मनू

हॅरो,
१५ जून २०२४

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

"आई, लेबरच येणार हे सगळ्यांना माहितीये. मी एकटीने मत दिलं काय आणि नाही दिलं काय!" असं परवा फोनवर म्हणालीस आणि त्याच दमात विषय बदललास. मी तेव्हा गप्प बसले, कारण दुकानात रांग लागली होती आणि हा विषय घाईत उरकण्यातला नाही. ब्रिटनची ४ जुलैची ही तुझी पहिली सार्वत्रिक निवडणूक. तू मत कुणाला द्यावंस हे मी सांगणार नाही, आणि मी कुणाला देणार तेही या पत्रात लिहिणार नाही. पण "निकाल ठरलाय" हे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर सांगायचं आहे.

भारतातल्या लोकसभेच्या ४ जूनच्या निकालाचंच घे. मी पहाटे साडेतीनला उठून मोबाइल उघडला, कारण सांगलीत सकाळी आठला मतमोजणी सुरू होत होती. त्याआधी तीन दिवस बहुतेक सगळ्या वाहिन्यांचे एक्झिट पोल भाजपला एकहाती बहुमत देऊन मोकळे झाले होते. निकाल लागला तेव्हा भाजप २४० वर थांबला होता, आणि बहुमताला लागतात २७२. महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीने घेतल्या. आपल्या सांगलीत तर विशाल पाटील अपक्ष उभे राहून दोन्ही आघाड्यांच्या उमेदवारांना हरवून आले. मामाचा फोन आला तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं, इतका गलका त्याच्या मागे चालू होता. आणि मुंबई उत्तर-पश्चिमला वायकर आणि कीर्तिकर यांच्यात शेवटी फरक किती राहिला? ४८ मतांचा. लोकसभेची जागा, लाखो मतदार, आणि ४८ मतं! त्या ४८ मतांच्या आसपास असे किती जण असतील, जे त्या दिवशी "आपल्या एका मताने काय होणार" म्हणून घरीच बसले?

इथल्या चाचण्यांचा इतिहासही काही फार निर्मळ नाही. १९९२ साली लेबर येणार असं धरून चाललेले असताना जॉन मेजर निवडून आले. २०१५ ला त्रिशंकू संसदेचे अंदाज होते, पण कॅमेरॉन यांना बहुमत मिळालं. २०१७ ला थेरेसा मे वीसेक टक्क्यांच्या आघाडीच्या भरवशावर निवडणूक मागून बसल्या आणि असलेलं बहुमतही घालवून बसल्या. या वेळी चाचण्या खोट्याच ठरतील असं माझं म्हणणं नाही. परवाच्या यूगव्हच्या चाचणीत लेबर ३७ टक्क्यांवर आहे, आणि स्थलांतराला विरोध करणारा रिफॉर्म पक्ष १९ वर जाऊन कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या एक टक्का पुढे गेलाय. असं याआधी कधी घडलं नव्हतं, त्यामुळे टीव्हीवर दिवसभर तेवढंच चाललंय. पण अंदाज देशाचा असतो आणि मत मतदारसंघात पडतं. ६५० जागा म्हणजे ६५० वेगळ्या निवडणुका. प्रत्येक जागेवर ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकला, बाकीच्यांची मतं तिथेच संपली. हे आपल्या लोकसभेसारखंच आहे, इंग्रजांकडूनच आपण घेतलेलं. २०१५ ला यूकिप या युरोपीय संघाच्या विरोधातल्या पक्षाला ३८ लाखांवर मतं पडली आणि जागा मिळाली एक. त्याच निवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पार्टीला साडेचौदा लाख मतांत ५६ जागा मिळाल्या, कारण ती मतं एकाच प्रदेशात एकवटलेली होती. २०११ ला ही पद्धत बदलण्यावर सार्वमत झालं तेव्हा दोन तृतीयांशांहून जास्त लोकांनी नको म्हटलं. मला ही पद्धत न्याय्य वाटत नाही. पण जोवर ती आहे तोवर आपलं मत कुठे पडतंय हे पाहूनच टाकायला हवं.

आणि इथे तुझ्या हातात एक गोष्ट आहे, जी माझ्या हातात नाही. विद्यार्थ्यांना घरच्या आणि कॉलेजच्या अशा दोन्ही पत्त्यांवर नाव नोंदवता येतं. मत मात्र एकाच ठिकाणी द्यायचं, दोन्हीकडे दिलं तर तो गुन्हा आहे. आता बघ. आपलं घर हॅरो ईस्टमध्ये. इथे २०१९ ला कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे बॉब ब्लॅकमन ८,१७० मतांनी निवडून आले, पण त्याच्या आधीच्या निवडणुकीत, २०१७ ला, त्यांची आघाडी १,७५७ पर्यंत खाली आली होती. तुझी खोली शेफील्ड हॅलममध्ये. तिथे २०१९ ला लेबरच्या उमेदवार लिबरल डेमोक्रॅटपेक्षा फक्त ७१२ मतांनी पुढे होत्या. तुझ्या विभागात एका वर्षाला विद्यार्थी किती आहेत ते मोज, म्हणजे ७१२ चा अर्थ लक्षात येईल.

हॅलमची गोष्ट तुला कुणी सांगितली आहे का, माहीत नाही. लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते निक क्लेग तिथले खासदार होते. २०१० च्या निवडणुकीआधी त्यांच्या पक्षाच्या उमेदवारांनी फलक हातात धरून सही केली होती की विद्यापीठाची फी वाढवायला आम्ही विरोध करू. निवडणुकीनंतर ते कॅमेरॉन यांच्याबरोबर सरकारात गेले, उपपंतप्रधान झाले, आणि त्याच डिसेंबरमध्ये संसदेने फीची मर्यादा ९,००० पौंडांपर्यंत नेली. मुलं रस्त्यावर आली होती. २०१५ ला त्या पक्षाच्या ५७ जागांच्या ८ झाल्या. क्लेग स्वतः तेव्हा वाचले, पण २०१७ ला त्याच हॅलमने त्यांना घरी पाठवलं. विद्यार्थी मत देत नाहीत, म्हणून पुढारी त्यांना विचारत नाहीत, असं तू म्हणतेस. अगं, तुझ्या खिडकीतून दिसणाऱ्या त्या गल्ल्यांनी उपपंतप्रधान राहिलेल्या माणसाला पाडलं आहे.

फार थोड्या मतांनी ठरलेल्या जागा तर इथे कितीतरी आहेत. २०१७ लाच स्कॉटलंडमध्ये नॉर्थ ईस्ट फाइफला फरक दोन मतांचा होता. १९९७ ला विंचेस्टरमध्येही दोनच मतांचा. तिथे हरलेला उमेदवार कोर्टात गेला, काही मतपत्रिकांवर अधिकृत शिक्का नव्हता म्हणून निवडणूक रद्द झाली, पुन्हा मतदान झालं, आणि लोकांनी त्याला २१,५५६ मतांनी पाडलं. आणि आपल्या मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवणारे दादाभाई नौरोजी १८९२ साली इथेच, लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीत, पाच मतांनी खासदार झाले. त्याआधी खुद्द लॉर्ड सॅलिसबरींनी, म्हणजे पंतप्रधानांनी, भर सभेत म्हटलं होतं की काळ्या माणसाला निवडून देण्याइतके इंग्रज मतदार अजून पुढे गेलेले नाहीत. पाच मतदारांनी ते खोटं पाडलं. मला त्या पाच जणांबद्दल नेहमी कुतूहल वाटतं. कोण असतील, काय काम करत असतील, त्या दिवशी त्यांना कामावरून सुट्टी तरी मिळाली असेल का?

असो. आकडे झाले. आता मला ज्याची खरी काळजी आहे त्याबद्दल.

तुला माहीत आहे, निवडणूक आली की आपल्या दुकानातल्या तीन खुर्च्यांवर राजकारण सुरू होतं. औषधं तयार होईपर्यंत दहा मिनिटं बसायचं, मग करायचं काय? गेल्या शनिवारी तिथे तिघं बसली होती. एक ऐंशीच्या पुढच्या आजी. त्यांचे वडील नॉर्मंडीच्या लढाईत होते. पंतप्रधान सुनक त्या लढाईच्या स्मरणाचा समारंभ अर्धवट सोडून परतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना माफी मागावी लागली, ते आजींच्या फार मनाला लागलं होतं. "आयुष्यभर कॉन्झर्व्हेटिव्हला दिलं, या वेळी नाही," एवढंच म्हणाल्या, पण ओठ थरथरत होते. त्यांच्या शेजारी इमारतींच्या परांच्या बांधणारा एक पन्नाशीचा माणूस. पाठीच्या दुखण्याने त्याचं काम सुटलंय. तपासणीची तारीख मिळता मिळत नाही, आणि महिन्याला तीन औषधं म्हणजे प्रत्येकी ९ पौंड ९० पेन्स. त्याला मी वर्षभराच्या औषधांचे पैसे एकदम भरण्याचं प्रमाणपत्र काढायला लावलं, ११४ पौंड ५० पेन्सचं, ते हप्त्याने भरता येतं, तर म्हणाला, स्कॉटलंडात हीच औषधं फुकट मिळतात हे खरं का? खरंच आहे. वेल्समध्येही फुकट. तो रिफॉर्मला देणार आहे. "दोघांनाही एकदा धक्का बसू दे," म्हणाला, आणि मग ओघात, "माणसं फार येतात बाहेरून, डॉक्टर मिळणार कसा?"

तिसरी खुर्ची कोट्टायमच्या एका मुलीची. वृद्धांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालणं, भरवणं, गोळ्या देणं हे तिचं काम. ती एप्रिलमध्ये आली. ११ मार्चपासून नियम बदलला आणि तिच्यासारख्यांना नवरा-मुलांना आणता येईनासं झालं. तिची चार वर्षांची मुलगी आजीपाशी आहे. त्या माणसाचं बोलणं ऐकून ती मान खाली घालून बसली. त्याच्या ते लक्षात आलं. "तुला नाही म्हणत गं, तू काम करतेस," असं तो खरोखर आपुलकीने म्हणाला. तर ती वर बघून हळूच म्हणाली, "मग कुणाला?"

तो गप्प झाला. रागावला नाही, विचारात पडला. मला तो माणूस वाईट वाटत नाही, मनू, आणि त्याला वर्णद्वेषी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. त्याची पाठ खरंच दुखते आणि त्याला तारीख खरंच मिळत नाही. इंग्लंडात उपचारांच्या प्रतीक्षेची यादी ७५ लाखांच्या वर आहे. सुनक यांनी २०२३ च्या जानेवारीत ती कमी करण्याचं वचन दिलं तेव्हा ती ७२ लाख होती. मग त्याच्या मनातलं दुखणं आणि त्यावर त्याला विकला जाणारा इलाज, यांचा एकमेकांशी संबंध किती, हे कुणीतरी त्याच्याशी बसून बोलायला हवं. टीव्हीवर सारखी रबरी बोटींची चित्रं दाखवतात. गेल्या वर्षी बोटींतून आले ते सुमारे २९ हजार. येणारे आणि जाणारे यांतला फरक मात्र त्याच वर्षी ६ लाख ८५ हजारांचा होता, आणि ते बहुतेक रीतसर व्हिसा घेऊन आलेले: विद्यार्थी, नर्स, कोट्टायमची ती मुलगी. हे व्हिसा सरकारने स्वतःच दिले, कारण वृद्धांना सांभाळायला माणूस मिळत नव्हता. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने २०१९ ला आकडा खाली आणू म्हणून मतं मागितली आणि मग असं केलं. लेबरही आता आकडा खाली आणू म्हणतोय. रिफॉर्म म्हणतोय, अत्यावश्यक नसलेलं सगळं गोठवू. मी तिन्ही पक्षांना एकच विचारीन: आजींना उद्या आंघोळ कोण घालणार, आणि त्याला पगार किती देणार?

यावर कुणी बोलत नाही, याचा मला संताप आहे. इंग्लंडात म्हातारपणी सांभाळ लागला आणि तुमच्याकडे घरासकट २३,२५० पौंडांहून जास्त काही असलं, की तुम्ही संस्थेत राहायला गेल्यावर सगळा खर्च तुमचा. ही रक्कम २०१० पासून तिथेच आहे. (घरात जोडीदार राहत असेल तर घर धरत नाहीत.) खर्चाला वरची मर्यादा घालायचा कायदा होऊन कितीतरी वर्षं झाली, तो पुढे ढकलून आता २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत आणलाय. २०१७ ला थेरेसा मे यांनी या विषयाला हात घातला आणि हात पोळले, तेव्हापासून मोठे पक्ष त्यावर बोलायला कचरतात. लेबरच्या जाहीरनाम्यात राष्ट्रीय देखभाल सेवेचं नाव आहे, पैसा कुठून येणार ते नाही. लिबरल डेमोक्रॅट मात्र स्कॉटलंडप्रमाणे रोजची वैयक्तिक देखभाल मोफत करू म्हणतात. त्यांचे नेते एड डेव्ही पाण्यात पडतात, घसरगुंडीवरून येतात, त्याला लोक हसतात, पण आपल्या अपंग मुलाला सांभाळण्याबद्दल ते बोलले तेव्हा मी हातातलं काम ठेवून ऐकलं. ते सरकार बनवणार नाहीत हे मलाही कळतं. पण त्यांच्या मतांची बेरीज वाढली, की ज्यांना सरकार बनवायचंय ते तो मुद्दा उचलतात. मतं मोजली जातात, आणि हरलेली मतंसुद्धा दुसऱ्या दिवशी पक्षांच्या कचेरीत बारकाईने वाचली जातात.

तुझ्यापुरतं म्हणशील तर शिक्षणाच्या कर्जाचं बघ. तू गेल्या सप्टेंबरात गेलीस, म्हणजे नव्या नियमातली पहिली तुकडी. २५,००० पौंडांच्या वर कमाई गेली की वरच्या रकमेचे ९ टक्के, आणि तेही ४० वर्षं. तू साठी ओलांडशील तेव्हा ते माफ होणार. स्टार्मर लेबरचे नेते झाले तेव्हा फी रद्द करू म्हणत होते, गेल्या वर्षी त्यांनी ते सोडलं. ग्रीन पक्ष अजून म्हणतोय. लिबरल डेमोक्रॅट गरीब मुलांना राहण्या-खाण्याचं अनुदान पुन्हा देऊ म्हणतात. सुनक यांच्याकडे तुझ्या वयाला द्यायला राष्ट्रीय सेवा आहे: अठराव्या वर्षी एक वर्ष सैन्यात, नाहीतर महिन्यातून एक शनिवार-रविवार समाजकार्य. तुझा चुलतभाऊ पुढच्या वर्षी अठराचा होतोय, तो म्हणतो, आम्हाला कुणी विचारलं का? त्याला मत नाही अजून. लेबर सोळाव्या वर्षी मत देऊ म्हणतोय.

कर कोण वाढवणार, यावर तर दोन्ही पक्षांनी तोंडाला कुलूप लावलंय. आयकर, नॅशनल इन्शुरन्स, व्हॅट यांचे दर वाढवणार नाही, असं दोघंही शपथेवर सांगतात. सुनक वर नॅशनल इन्शुरन्स पौंडामागे आणखी २ पेन्स कमी करू म्हणतात. पण १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा २०२८ पर्यंत गोठवलेली आहे, दोघांनीही ती तशीच ठेवलीय, म्हणजे पगार महागाईबरोबर वाढला की कर आपोआप वाढतो. दर न वाढवता कर वाढवण्याची ही युक्ती आहे. स्टार्मर यांच्याबरोबरच्या टीव्हीवरच्या वादविवादात सुनक सारखं म्हणत होते, लेबर आलं तर प्रत्येक कुटुंबावर २,००० पौंडांचा बोजा. दुसऱ्या दिवशी कळलं की तो आकडा चार वर्षांचा मिळून होता, आणि अर्थखात्याच्या सर्वोच्च सनदी अधिकाऱ्यांनी आधीच लेखी कळवलं होतं की हा हिशोब आमच्या नावावर खपवू नका. कुठलाही पक्ष असो, कुठलाही आकडा कानावर आला की विचारायचं: किती वर्षांचा, कुणाच्या खिशातून, आणि हिशोब केला कुणी? एवढी सवय तुला लागली तर माझं अर्धं काम झालं.

राजकारणात बाबांचं आणि माझं जमत नाही, ते तू जाणतेसच. २०२२ च्या सप्टेंबरात लिझ ट्रस यांच्या सरकारने ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, बाजार कोसळला, व्याजदर चढले, आणि आपल्या घराच्या कर्जाचा करार नेमका त्यानंतर संपला. हप्ता वाढला तेव्हा बाबा आठवडाभर जेवताना बोलले नव्हते. तरीही लेबरवर त्यांचा विश्वास बसत नाही. समोरचे गुजराती काका तर कॉन्झर्व्हेटिव्हशिवाय कुणाला देणारच नाहीत. ते आंधळे भक्त आहेत असं तुला वाटत असेल, पण तसं नाही. १९७२ साली इदी अमीनने ९० दिवसांत युगांडा सोडायला सांगितलं तेव्हा ते कंपालामध्ये शाळेत होते. कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान हीथ यांच्या सरकारने २८ हजारांच्या आसपास लोकांना इथे घेतलं, आणि तेही आपल्याच पक्षातल्या लोकांचा विरोध पत्करून. त्याच्या चारच वर्षं आधी लेबर सरकारने केनियातल्या आशियाई लोकांना, ब्रिटिश पासपोर्ट असतानाही, रोखणारा कायदा घाईघाईने केला होता. काकांना ही दोन्ही वर्षं पाठ आहेत. मी त्यांना म्हणते, काका, हीथचा पक्ष आज आश्रय मागायला आलेल्या माणसांना रवांडाला पाठवायला निघालाय. ते म्हणतात, बेटा, उपकार विसरायचे नसतात. आमचा वाद मिटत नाही. पण दर रविवारी आमच्या कुंपणावरून तो होतो, आणि ढोकळा इकडे आणि चिवडा तिकडे जातच राहतो. तू ज्यांच्याशी बोलतेस ते सगळे तुझ्याच मताचे आहेत, हे मला तुझ्या बोलण्यावरून कळतं. एकदा तरी तुझ्या मताच्या उलट जाणाऱ्या माणसाला, तो असं का म्हणतो, ते विचारून शेवटपर्यंत ऐक. शेफील्डमध्ये एखाद्या चर्चच्या हॉलमध्ये सगळ्या पक्षांच्या उमेदवारांची प्रश्नोत्तरांची सभा असेलच. तिथे जा. टीव्हीवरच्या नेत्यांना प्रश्न विचारता येत नाही, तिथे हात वर केला की उमेदवाराला तुझ्याकडे बघून उत्तर द्यावं लागतं. आणि कुणाला उत्तर येत नाही, हेही तिथे फार चांगलं दिसतं.

आता कामाचं. नाव नोंदवायची शेवटची तारीख मंगळवार, १८ जून, रात्री बाराच्या आत. सरकारी संकेतस्थळावर पाच मिनिटं लागतात, नॅशनल इन्शुरन्सचा नंबर जवळ ठेव. ४ जुलैला तू इकडे असशील की तिकडे, याचा भरवसा नसेल तर पोस्टाने मत मागवून घे. हॅलमचं मत हॅरोच्या पत्त्यावरही मागवता येतं. त्याची मुदत बुधवारी १९ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत. प्रत्यक्ष केंद्रावर जाणार असशील तर फोटो असलेलं ओळखपत्र लागेल. सार्वत्रिक निवडणुकीत हा नियम पहिल्यांदाच आलाय आणि त्यात तुझं विद्यापीठाचं कार्ड चालत नाही. गंमत म्हणजे साठीवरच्यांचा बसचा पास चालतो, विद्यार्थ्यांचा नाही. हे मला अजिबात न्यायाचं वाटत नाही, पण त्यावर रुसून घरी बसलीस तर नियम करणाऱ्यांचंच फावलं. पासपोर्ट किंवा शिकाऊ लायसन्स घेऊन जा. केंद्र सकाळी सात ते रात्री दहा उघडं असतं.

आणि एक. तुझ्याबरोबर राहणारी नाशिकची मुलगी एमएस्सीला आली आहे ना? तिला सांग की तिलाही मत आहे. ती दचकेल. कोट्टायमची मुलगीही दचकली होती. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे वैध व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. २००५ ला इराक युद्धानंतरच्या निवडणुकीत मी भारतीय पासपोर्टवरच मत दिलं होतं. इतकी वर्षं इथे राहून कर भरणारे, आरोग्य सेवेचा वेगळा अधिभार भरणारे, आता तर वर्षाला १,०३५ पौंड भरणारे आपले कितीतरी लोक हे जाणतच नाहीत. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात भेटणाऱ्या नव्या मुलांनाही मी आता हेच सांगत सुटले आहे. त्या शनिवारी दुकानात मी हे म्हटलं तेव्हा परांच्या बांधणाऱ्या माणसाने दोनदा विचारलं, "खरंच?" मग स्वतःच म्हणाला, "मग नोंदव की, बघतेस काय." तिने तिथेच खुर्चीत बसून मोबाइलवर नाव नोंदवलं. पत्त्याचा पिन कोड तिला आठवेना, तो आजींनी सांगितला. त्यांच्याच गल्लीत राहते ती.

नाशिकच्या मुलीकडे अजून नॅशनल इन्शुरन्सचा नंबर नसेल तर तो रकाना सोडून कारण लिहायचं, नगरपालिकेकडून दुसरा पुरावा मागतात. त्याला वेळ लागतो, म्हणून हे पत्र वाचल्यावर लगेच तिच्या खोलीचं दार वाजव. केंद्रावर तिचा भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो.

बाबा त्यांचा नमस्कार सांग असं म्हणत होते, मी म्हटलं आशीर्वाद म्हणा. त्यांनी शेंगदाण्याची चटणी पाठवली आहे, ती दोघींत वाटून घ्या.

तुझी,
आई